शनिवारचा पुरावा

बॅनर तिसऱ्यांदा सुटून खाली आला तेव्हा नम्रताने चिकटपट्टीचा नाद सोडला आणि तो सुतळीने खिडकीच्या गजांना बांधून टाकला. बॅनरवर प्राचार्यांचा फोटो चांगला हातभर होता. खाली 'मोफत कायदा सल्ला केंद्र' ही अक्षरं मात्र जागा उरली म्हणून लिहिल्यासारखी बारीक.

डिलाईल रोडवरच्या चाळीतली ही तळमजल्याची मंडळाची खोली. दर शनिवारी दुपारी लॉ कॉलेजचे कासारे सर इथे येऊन बसायचे, त्याला आता अकरा वर्षं झाली. नम्रता त्याच कॉलेजात शिकवायची, आणि यंदा वार्षिक अहवाल तिच्या गळ्यात पडला होता. त्यातलं 'प्राध्यापकांची उल्लेखनीय कामगिरी' हे पान जवळजवळ भरलं होतं. विकास सरांनी तर माटुंग्याच्या घरी बसल्या बसल्या चार आंतरराष्ट्रीय परिषदा उरकल्या होत्या. चारही प्रमाणपत्रं रंगीत. कासारे सरांच्या नावापुढे 'निरंक' होतं. तीस वर्षं पुराव्याचा कायदा शिकवणाऱ्या माणसाकडे स्वतःच्या कामाचा एक पुरावा नव्हता.

प्राचार्यांनी सकाळीच फोन करून सांगितलं होतं. पाचच्या आत फोटो हवा, त्यावर जागा आणि वेळ उमटलेली हवी, आणि केंद्रात लोक येतात हे दिसायला हवं. कासारे मार्चमध्ये निवृत्त होताहेत. कागदावर काहीच नसेल तर पुढे केंद्र ठेवायचं कशाला? नम्रताला ते पुढे चालवायचं होतं, म्हणून तर ही सगळी धडपड.

साडेचार होत आले होते. सतरंजीवर पंधरा-सोळा बाया बसल्या होत्या. तिने मोबाइल वर केला तशी निम्म्यांनी तोंडावर पदर ओढले.

"त्यांचे चेहरे नकोत," कासारे सर कागदावरून मान वर न करता म्हणाले.

"पाठीमागून घेते, सर."

"पाठीवरूनही माणूस कळतो."

नम्रता चिडलीच. उद्या हे बंद पडलं तर या बायांनी जायचं कुठे, असं तिने विचारलं. सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. मागच्या वर्षी कुणीतरी कौतुकाने असाच फोटो काढला होता, तो कॉलेजच्या ग्रुपवर गेला आणि तिथून तासाभरात चाळीच्या ग्रुपवर. त्यातली एक बाई पुन्हा आली नाही. तिचं पुढे काय झालं ते सरांनी सांगितलं नाही, आणि नम्रताला विचारवलं नाही.

"निरंकच राहू दे गं," ते म्हणाले. "सवय आहे मला."

ती बाहेर व्हरांड्यात येऊन उभी राहिली. आत बुद्धाची मूर्ती होती, त्यामुळे सगळ्यांच्या चपला दाराशी पडलेल्या. रबरी, प्लास्टिकच्या, एकीच्या अंगठ्याला सेफ्टी पिन. नम्रता बराच वेळ त्या ढिगाकडे बघत राहिली. मग आत जाऊन तिने बॅनर सोडवून आणला, दाराच्या चौकटीवर बांधला आणि फोटो काढला. वर बॅनर, खाली चपला, कोपऱ्यात जागा, तारीख, वेळ. माणूस एकही नाही.

तिने तो सरांना दाखवला. सरांनी मोबाइल लांब धरून पाहिला, आणि दिवसभरात पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर जरा हसू आलं.

"परिस्थितीजन्य पुरावा," ते म्हणाले. "पाठव."

"मॅडम, जरा बघू," दाराजवळ बसलेली लक्ष्मी म्हणाली. सर मघापासून तिचाच अर्ज लिहीत होते. तिने मोबाइल घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि परत दिला.

"ही लाल पट्ट्याची जोडी माझी. नवरा ओळखेल."

नम्रताला हसूच आलं. चपलेवरून कोण कुणाला ओळखतं, असं ती म्हणाली.

"गेल्या महिन्यात मारलं ना, तेव्हा दुसऱ्या दिवशी त्यानेच आणून दिलीय."

लक्ष्मी उठली, बाहेर जाऊन तिने ढिगातून आपल्या चपला उचलल्या आणि परत जागेवर येऊन बसली. चपला तिने मांडीवर घेतल्या, वर पदर घेतला. मग कोपऱ्यातली एक बाई उठली. तिच्यामागून आणखी दोघी. नम्रता दारात बाजूला सरकून उभी राहिली. एकेक जण येत होती, वाकून आपली जोडी शोधत होती आणि हातात घेऊन आत जात होती. सरांनी पेन खाली ठेवलं होतं.

"हं, आता काढा," लक्ष्मी म्हणाली.

पाच वाजायला सात मिनिटं होती. नम्रताने मोबाइल वर केला. बॅनरखाली टाच झिजलेले सरांचे सँडल होते, आणि त्यांच्या शेजारी तिच्या स्वतःच्या चपला.