जिना न उतरणारा फोटो

सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही, पण भालकीत एक फोटो होता, तो जिना उतरायला तयारच नव्हता. पेंडीच्या दुकानावर सिद्धप्पाचा कॉम्प्युटर क्लास होता. तिथं वर तो लख्ख दिसायचा. जिना उतरला की गायब. बिदरला गायब, उदगीरला गायब, पुण्याचं तर नावच काढू नका. कुणी म्हणालं, फोटोला ऊन सोसत नाही. कुणी म्हणालं, सुनेचा फोटो आहे, उंबरा ओलांडायला लाजत असेल.

"तुमच्या पानावर फोटो न्हाई," पोरीला क्लासला घालायला उदगीरहून आलेला काशप्पा म्हणाला आणि त्यानं पिशवीतला कागद टेबलावर आपटला. इंटरनेटवरचं क्लासचं पान त्यानं छापून आणलं होतं. वर नाव, पत्ता. खाली फोटोची रिकामी चौकट, तिच्या कोपऱ्यात बारीक फुली आणि पुढं बारीक इंग्रजी अक्षरं.

"डोळे तपासून घ्या मालक!" सिद्धप्पा ओरडला. त्याचा आवाज असा, की खाली पेंडीच्या पोत्यांतून धूळ उडावी. त्यानं दोन्ही हातांनी मॉनिटर काशप्पाकडं फिरवला. "हे काय मग?"

पडद्यावर तेच पान होतं. चौकटीत बाई होती. स्टुडिओतल्या रंगवलेल्या नारळाच्या झाडापुढं उभी, हातात पुस्तक उलटं.

काशप्पानं पडदा बघितला, कागद बघितला, पुन्हा पडदा बघितला.

"ह्या शिकवतेत?"

"माझी सून हाय. श्रीदेवी. तीच शिकवती."

"मग ही ज्योत्स्ना कोण?" काशप्पानं कागदावरच्या चौकटीत बोट ठेवलं. आत इंग्रजी अक्षरांत छापलं होतं: ज्योत्स्ना नरसिंग, शिक्षिका.

खोलीतली बटणांची टकटक थांबली. फळ्यापाशी उभ्या असलेल्या मुलीकडं सगळ्यांनी बघितलं. तीच ज्योत्स्ना.

सिद्धप्पानं मेंढरं विकून कॉम्प्युटर घेतले, त्या दिवसापासून शिकवत होती ती एकटीच. सिद्धप्पा नुसता दाराशी बसायचा आणि मुलं उशिरा आली की मेंढरं हाकावीत तसं आत हाकायचा. मग दोन हजार चार साली त्याला इंटरनेटवर पान पाहिजे झालं. "शिकवणाऱ्याचा फोटो टाक," तो म्हणाला. ज्योत्स्नानं स्वतःचा आणला. सिद्धप्पानं तो दोन बोटांनी कोपऱ्याला धरला.

"तुझा कामून?"

"मीच शिकवते की सर."

"लोक आधी तोंड बघतेत, मग नाव विचारतेत, मग वस्ती. बुद्धविहारामागं राहतीस म्हणून कळलं, की चांगल्या घरची एक पोरगी ह्यो जिना चढायची न्हाई. श्रीदेवीचा टाक. शिकवायचं तू, दिसायचं तिनं."

ज्योत्स्नानं आपला फोटो परत घेतला आणि श्रीदेवीचा टाकला. सिद्धप्पा रोज सकाळी पान उघडायला लावायचा आणि पडद्याला उदबत्ती ओवाळायचा. माउसला मात्र त्यानं जन्मात हात लावला नाही.

आता त्याच्या कपाळाची शीर उडत होती. "ए पोरी! काय करून ठेवलीस?"

"चूक झाली सर," ज्योत्स्ना म्हणाली. आवाज सरळ होता. "पानाच्या आत फोटो नसतो. फोटो कुठं ठेवलाय, त्याचा पत्ता असतो. मी ह्याच मशीनचा पत्ता दिला. म्हणून इथं दिसतोय. बाहेरच्याला ह्या मशीनच्या आत येता येत न्हाई."

"अन् नाव?" काशप्पानं विचारलं.

"फोटो पोचला न्हाई तर त्याच्या जागी काय दिसावं, ते लिहून ठेवावं लागतं. घाईत माझं लिहिलं गेलं."

सिद्धप्पानं मांडीवर थाप मारली. "ऐकलं का मालक? घाईत! अहो, झाडलोटीला ठेवलेली पोरगी ही. झाडता झाडता बटणं दाबती अन् स्वतःला मॅडम समजती. हिला काय कळतंय पत्ता न् बित्ता?" मग तो ज्योत्स्नाकडं वळला. "आत्ताच्या आत्ता ते नाव पूस. पुसलीस की जिना उतर. उद्यापासून हितं तोंड दाखवायचं न्हाई."

ज्योत्स्नानं खडू फळ्याच्या कडेला ठेवला. हाताला लागलेला पांढरा भुगा झाडला नाही. ती मशीनपुढं येऊन बसली.

काशप्पा अजून कागद घेऊन उभा होता. बसचं भाडं वाया गेलं की काय, अशा नजरेनं तो खोलीभर बघत होता. लोकांना दिसावी म्हणून सिद्धप्पा श्रीदेवीला रोज वर्गात आणून ठेवायचा; आताही ती भिंतीला टेकून उभी होती. फोटोतल्यासारखीच, फक्त हातात पुस्तक नव्हतं. तो तिच्यासमोर गेला.

"मास्तरीणबाई, माझी पोरगी तुमच्या हाताखाली घालायची म्हणून आलोय. तुम्हीच सांगा. शिकवणाऱ्याच्या हातून अशी चूक होती व्हय?"

"सांग की गं!" सिद्धप्पानं तिला डोळ्यांनी दटावलं. कुणी काही विचारलं तर नुसती मान हलवायची, हे त्यानं तिला महिनाभर पढवून ठेवलं होतं.

श्रीदेवीनं मान हलवली नाही. तिनं पदर खोचला, पडद्यावरच्या स्वतःकडं एकदा बघितलं आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "मॅडम खोटं बोलायल्यात, मामंजी. ही चूक कधी करायची न्हाई, हे आम्हाला त्यांनीच पहिल्या दिवशी शिकवलंय."