अंघोळीचं रडणं

"आई, हे भुकेचं रडणं नाही हो," ती म्हणाली.

"मग कसलं? रागाचं?" सासूबाई टबावर वाकल्या होत्या. "सात आठवड्यांच्या पोरीला कसला आलाय राग? अंघोळीला सगळीच रडतात. तू आपला टॉवेल धर."

तिने टॉवेल धरला. न धरून सांगते कोणाला? तीस वर्षं प्रसूतिगृहात सिस्टर म्हणून काढलेल्या बाईपुढे सात आठवड्यांच्या आईची काय मात्रा चालणार! शेजारच्या बायका अजूनही लेकरांचे डायपर हातात घेऊन सासूबाईंकडे यायच्या, रंग ठीक आहे ना विचारायला.

अंघोळीची पद्धत ठरलेली. टेबलावर टब, डाव्या हातावर बाळाची मान, उजव्या हाताने साबण. ठमी पाण्यात पाय बुडेपर्यंत मजेत असायची. (खरं नाव अजून ठरत नव्हतं, घरात तिघांची चार मतं होती.) मग एकदम दचकायची, दोन्ही हात हवेत फेकायची आणि टाहो फोडायची.

आधी असं नव्हतं. गेल्या दहा-बारा दिवसांतलंच हे.

"मेली बटणं शिवतात की कुलुपं!" पोरीला पुसून झाल्यावर सासूबाई झबल्याशी झटापट करत होत्या. "घे, तूच लाव. मी चहा टाकते."

तिने नवऱ्याला सांगून पाहिलं. तो दारात बूट घालत होता.

"आईला कळत नाही आणि तुला कळतं?" तो म्हणाला. मग तिचा चेहरा बघून जरा नरमला. "अगं, झोप काढ थोडी. डोळे बघ तुझे."

झोपेचा काय संबंध? बाळंतपणाच्या रजेआधी ती एका कंपनीत फोनवर तक्रारी ऐकायची. दिवसाला शंभर माणसं तिच्यावर ओरडायची. त्यातलं कोण चिडलंय आणि कोण घाबरलंय, हे तिला दुसऱ्या शब्दाला कळायचं. ठमीला तर शब्दही नव्हते. पण पोर घाबरत होती, याची तिला खात्री होती.

दुपारी तिने ठमीचा सांधा न् सांधा हलवून पाहिला. मान, खांदे, कंबर. ठमीने मस्त जांभई दिली.

दुसऱ्या दिवशी सासूबाई सकाळीच दाताच्या दवाखान्यात गेल्या. तेवढ्यात तिने धीर करून एकटीनेच पोरीला अंघोळ घातली. साबण दोनदा सुटला, अर्धं पाणी जमिनीवर गेलं. ठमी रडली नाही. टुकुटुकु बघत राहिली.

आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. आई पोरीशी काही वेडंवाकडं तर करत नसतील?

त्यानंतरच्या सकाळी ती टॉवेल घेऊन अगदी खेटून उभी राहिली. सासूबाई गुणगुणत होत्या. पोरीच्या कानामागे इतक्या हळुवारपणे पाणी लावत होत्या की तिला स्वतःचीच लाज वाटली. असल्या बाईवर संशय घेतला आपण! तेवढ्यात ठमी दचकली आणि किंचाळली.

"उद्या हिला डॉक्टरांकडे नेते," ती म्हणाली.

"अंघोळीला रडते म्हणून? हसतील गं तुला."

"हसू देत."

"मग मीही येते. तुझी फजिती चुकवून कसं चालेल?"

लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई सासूबाईंना बघून खुर्चीतून उठल्याच. "सिस्टर, तुम्ही! बाळाला कसं धरायचं ते तुम्हीच शिकवलंत मला. पहिल्या दिवशी हातावर फटका मारला होतात."

"चुकत होतीस, म्हणून मारला," सासूबाई खुशीत म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी ठमीला नखशिखांत तपासलं. कान, घसा, छाती, पोट, मांडीचे सांधे. बराच वेळ घेतला.

"बाळ ठणठणीत आहे. कुठे काही दुखत नाही."

"मी काय म्हटलं होतं?" सासूबाई म्हणाल्या.

तिचे कान तापले. आता पोर उचलावी, आभार मानावेत आणि निघावं. पुढची दहा वर्षं ही गोष्ट घरात येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवली जाणार होती. पण पाय निघेनात.

"तरी पण," ती म्हणाली. "मी तिची आई आहे. मला कळतं. ती घाबरते. पडल्यासारखी दचकते."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "पडल्यासारखी? तुमच्या हातातही?"

"नाही. आई अंघोळ घालतात तेव्हाच."

सासूबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. "माझ्या हातून?" त्या हळूच म्हणाल्या. तिला वाटलं, शब्द परत घ्यावेत. तिने घेतले नाहीत.

डॉक्टरीणबाई टेबलाला वळसा घालून आल्या. ठमीला उचलून त्यांनी तिच्याकडे दिलं आणि सासूबाईंच्या समोर स्टूल ओढून बसल्या.

"सिस्टर, डोळे मिटा. दोन्ही हात समोर धरा, तळवे वर."

"अगं, ही तपासणी मी तुझ्या जन्माआधीपासून पेशंटची करत आलेय," सासूबाई म्हणाल्या, पण डोळे मिटून त्यांनी दोन्ही हात समोर धरले. "हं, धरले. झालं समाधान? बघ, हलतायत का जरा तरी?"

उजवा हात जागच्या जागी होता. डावा, ज्यावर ठमीची मान असायची तो, सावकाश खाली चालला होता.