पुष्कररावांच्या मनगटावरचा चंद्रोदय

मंगळावर चंद्र दिवसातून दोनदा उगवतो, तोही पश्चिमेला. "असल्या उनाड चंद्रावर मी संकष्टी सोडायची नाही," मृण्मयीबाई ठणकावून म्हणाल्या. मागच्या खेपेला त्या अडीच दिवस उपाशी राहिल्या होत्या, कारण वसाहतीतल्या संगणकांनी पृथ्वीच्या तारखा केव्हाच पुसून टाकल्या होत्या. शेवटी पुष्कररावांनी आपलं किल्लीचं घड्याळ पुढे केलं. तिथी, अधिक मास, पुण्याचा चंद्रोदय, सगळं नुसत्या दातेरी चाकांवर चालायचं. तीस वर्षं बाई त्याला सवत म्हणत आल्या होत्या.

भर सकाळी तबकडीच्या खिडकीत चंद्र वर आला. बाईंनी ओवाळलं आणि हळदकुंकू थेट काचेवर वाहिलं. त्या काचेला कुणी बोट लावलेलं पुष्कररावांना आजवर खपलं नव्हतं.

"हात हलवू नका हो!"

पाचवा मोदक संपला तरी त्यांचा डावा हात ओवाळून घ्यायच्या उंचीवरच होता.