जुनं नाव

देवासच्या घरी ताईनं लग्नाआधी बसवून दिलेलं जावाचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरला एकाएकी सापडेना. मयुरेशनं तिच्या सासरी, धारला एसटीडी लावला.

“देवश्रीताई आहे?”

“इथे कुणी देवश्री नाही हो,” आजेसासरे म्हणाले.

मग त्याला लग्नातलं ताट आठवलं. तांदळांत अंगठीनं लिहिलेलं नवं नाव. “चारुलता आहे का?”

ताई आली. सगळं ऐकून म्हणाली, “माझ्या फोल्डरचं नाव बदललंस?”

“हो. तू गेलीस, म्हणून माझं टाकलं.”

“अरे भिया, पाथमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला दिलेल्या पत्त्यात, अजून जुनंच नाव आहे. तो त्याच नावानं शोधणार. परत ठेव तेच.”

त्यानं ठेवलं. “ताई, चाललं!”

“काय टाईप केलंस?”

“देवश्री.”



“परत म्हण ना.”