लिलावाच्या चालीत

अर्धांगवायूच्या झटक्यात बाबांची वाचा गेली. डोणगावच्या भाजीबाजारात जन्मभर लिलाव पुकारलेल्या माणसाला ‘पाणी’ म्हणता येईना. बुलढाण्याचे डॉक्टर म्हणाले, “बोलायची बुद्धी वेगळी, गायची वेगळी. एक गेली तरी दुसरी शाबूत असू शकते. काय पाहिजे ते गाऊन मागायला सांगा.”

बाबांना गाणं एकही येत नव्हतं. चाल माहीत होती ती फक्त लिलावाची. त्यांनी डोळे मिटले आणि खड्या आवाजात पुकारलं, “पाणी एक वार... पाणी दोन वार...”

तिसरा वार व्हायच्या आत मी तांब्या घेऊन हजर. दुपारी उशी लिलावात निघाली, मग पंखा.

संध्याकाळी आई भाकरी थापत होती. बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग पुकारले, “सिंधू जेवली का एक वार... सिंधू जेवली का दोन वार...”

आईचे हात परातीतच थांबले.

“प्रसेन,” ती हळूच म्हणाली, “लग्नापासून आज पह्यल्यांदा इचारलं यायनं मले. डॉक्टरले सांगजो, बोलणं वापस नाही आलं तरी चालते.”