म्हाताऱ्याच्या कॅमेऱ्याची वाटणी

पलटणीतनं येताना आकारामनं मुठीत मावंल असा कॅमेरा आणला आन् सगळ्या गावाचं फोटू काढलं. त्याचा सोताचा मातर एकच. बहात्तर साली, त्याच्या मरणाच्या आठ दिस आधी बायकूनं काढलेला. "ह्याचं भिंग पुढं-मागं सरकत न्हाई, मनू, तूच मागं सर," म्हणत त्यानं तिला पार गोठ्यापातुर न्हेलं हुतं. रोल तसाच आत ऱ्हायला.

वरीस सरलं तशी पोरांनी वाटणी मांडली. बैलं झाली, भांडी झाली, कॅमेऱ्यावर गाडं आडलं.

"मी थोरला, कॅमेरा माजा," कृष्णात म्हणाला.

"मग आतला बा माजा. काढ भाईर!" धाकटा जोतिबा म्हणाला.

मनुबाई चुलीपासनं वराडली, "आरं, उघडू नगा! सांगलीचा फोटूवालाच अंधारात उघडतूय. ऊन लागलं की फोटू जळतूय, धनी सांगायचं!"

"आये, तू मधी पडू नगंस."

कृष्णातनं भर दुपारी अंगणात, पंचांच्या म्होरं झाकण उघडलं, फीत वढून काढली आन् भावाच्या अंगावर टाकली. जोतिबानं ती उन्हाला धरून उलटीपालटी केली. "ह्यात बा कुटं दिसतूय?"

मनुबाई उंबऱ्यात टेकली.

"झाली रं बाबांनो वाटणी," ती पंचांस्नी म्हणाली. "बा दोघास्नी सारखाच आला."