अगंचं अहो झालं

कौसाकाकू तिसऱ्यांदा नवऱ्याला घेऊन हैबतीच्या दुकानात आल्या. काकांच्या डोक्यात आठवणींची चिप होती आणि तिचा प्रोग्रॅम हैबतीनंच लिहिलेला.

"अरे, हे मला अहो बाई म्हणतात! चाळीस वर्षं अगं म्हणायचे."

मागं दोनदा हैबती हसला होता. "काकू, काका मान देतात, घ्या की!" त्याच्या टेबलावरच्या नव्या चिपवर सगळं झकास चालायचं, म्हणून त्यानं खापर काकांच्या वयावर फोडलं होतं.

आज त्यानं काकांच्या डोक्यातल्यासारखी जुनी चिप जोडून बघितली आणि बिघाड समोर आला. प्रोग्रॅममधलं एक काम आठवण वाचत असतानाच दुसरं काम तिच्यावर नवीन लिहीत होतं. दोन्ही कामं आळीपाळीनं व्हावीत म्हणून प्रोग्रॅममध्ये एक कुलूप असतं. वेग वाढावा म्हणून ते हैबतीनंच काढलं होतं. वेगवान नव्या चिपवर पहिलं काम आधीच उरकायचं, म्हणून तिथं चूक दिसली नव्हती.

"काकू, चूक माझी. आता कुलूप घालतो."

"आणि गेलेलं?"

"ते गेलं. पहिल्यांदा आलात तेव्हाच बघितलं असतं, तर बरंच वाचलं असतं."

काकूंनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी काकांची टोपी काढली आणि त्यांचं डोकं हैबतीपुढं केलं.

"घाल बाबा. उरलंय तेवढं सांभाळ."